सुकाणूकाकांचं रेकॉर्डिंग

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही लेकीने दिली. म्हणाली, "आई, मला फोनवर सांगतेस त्यातलं थोडं हिच्यात लिहीत जा, म्हणजे मला ऑफिसचं कामही करता येईल." टोमणा कळला. पण वही चांगली आहे, कागद जाड आहे, शाई पलीकडे उमटत नाही.

आणि लिहिण्यासारखं घडलंयही. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर आपल्या नदीमुखाच्या जुन्या दिवसांची एक खोली होतेय. नकाशे, फोटो, एक मोडकं वल्हं, आणि भिंतीला हेडफोन लावून जुन्या माणसांचे आवाज. आज ग्रंथपाल बाई स्वतः घरी आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण चष्म्यामुळे दरारा आहे. म्हणाल्या, "सुकाणूकाकांचं रेकॉर्डिंग तुम्ही कराल का?"

सुकाणूकाका म्हणजे मालाच्या बोटी नदीत आणणारे आपल्याकडचे शेवटचे वाटाडे. नदीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे आणि बाजूला खडक. दिसत काहीच नाही. बाहेरच्या बोटी तिथे थांबायच्या, काका होडीतून जाऊन बोटीवर चढायचे, सुकाणू हातात घ्यायचे आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागे एक धरून बोट सरळ आत आणायचे. खुणा कोणत्या ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण पोट त्यावरच होतं. आता वय चौऱ्याऐंशी. एकोणीस तारखेला घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही, पण आवाज राहील की जाईल हे आज सांगता येत नाही. लिहून द्या म्हणावं, तर सही करायलाच त्यांना पाच मिनिटं लागतात. म्हणजे जे काही आहे ते एकोणीसच्या आत त्यांच्या तोंडून यायला हवं, नाहीतर गेलंच.

"मीच का पण?" असं मी आपलं विनयाने विचारलं.

"त्यांनीच सांगितलं. टेलिफोनवाली येणार असेल तर बोलतो, म्हणाले."

साहजिक आहे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. माणसाला बोलतं कसं करायचं हे मला कुणी शिकवायला नको.

बाई गेल्यावर हे म्हणाले, "मला वाटतं, त्यांना जरा—" मी म्हटलं, हो हो, पाठीला मऊ उशी नेते. हे कुंड्यांना पाणी घालायला गेले. दिवसातून तीनदा घालतात. रिटायर झाल्यापासून ह्यांच्याकडे बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, बिचारे.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिलं रेकॉर्डिंग झालं. एक तास बारा मिनिटं! ग्रंथपाल बाई अर्ध्या तासावर समाधानी होत्या.

काका पुढच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्चीत बसतात. खिडकीतून नदी दिसते. मांडीवर शाल, शेजारी औषधाच्या बाटल्यांची रांग. आवाज बारीक झालाय, आणि बोलता बोलता मध्येच थांबतात. थांबले की मी हात देते. एक्स्चेंजमध्ये शिकलेली पहिली गोष्ट ही, की लाइनवर तीन सेकंद शांतता म्हणजे कनेक्शन गेलं समजायचं. लगेच आत शिरून "हॅलो, बोला, लाइन चालू आहे, बोला" म्हणायचं. त्या सवयीचा इथे फार उपयोग झाला. एकदाही शांतता पडू दिली नाही.

बोलण्यात माझ्या पहिल्या ड्युटीचा विषय निघाला, एकदा पुराच्या दिवसांत मी सलग सोळा तास बसले होते त्याचा निघाला. खूप जुन्या आठवणी आल्या. शेवटी शेवटी काका डोळे मिटून हसत बसले होते. डुलकी लागली असावी. रेकॉर्डर चालूच होता, म्हणून मी पुढचं सांगत राहिले.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज महत्त्वाचं काम फत्ते. खुणा मिळाल्या!

मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, काका, एक खूण पांढरा कडा आणि दुसरी मिलची चिमणी, बरोबर ना? लहानपणापासून ऐकतेय मी. काका म्हणाले, "हं." झालं! एक घाव दोन तुकडे. एवढी वर्षं जे कुणाला जमलं नाही ते दहा मिनिटांत झालं. उरलेला तास इकडचं तिकडचं बोललो.

संध्याकाळी पेंटरला सांगून आले. भिंतीवरच्या मोठ्या नकाशात तो समुद्रापासून धक्क्यापर्यंत लाल रेघ काढणार आहे. घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पण चिमणी तर नंतर—" मी म्हटलं, नंतर पाडली, माहितीय मला. हे कुंड्यांकडे गेले. जास्वंदीची मुळं सडतील अशाने.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

सकाळी ग्रंथालयात गेले तर नकाशासमोर डांबरभाऊ उभे. जन्मभर होड्यांना डांबर फासलं म्हणून हे नाव, आणि त्यांचा हात धुतला तरी काळाच. ते लाल रेघेकडे बघून पोट धरून हसत होते.

"ही रेघ कुणी काढली?"

मी म्हटलं, "का? मी काढून घेतली. खुद्द काकांनी सांगितलंय."

"वहिनी, ह्या रेघेने बोट आली तर सरळ खडकावर चढेल. आणि ती चिमणी आली कधी, मी पंचवीस वर्षांचा असताना. त्याआधी काय बोटी येतच नव्हत्या?"

मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? लावा ऐकायला. ग्रंथपाल बाईंनी कपाटातून टाइप केलेले कागद काढले. माझी तिन्ही रेकॉर्डिंग्ज (सोमवारी आणखी एक झालं होतं) त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतली होती. बहुतेक दोन-तीन दिवस झाले असावेत. मला कसं सांगावं ह्या विचारात त्या असाव्यात.

पहिल्याच पानावरचं इथे उतरवते. शिक्षा म्हणून.

मी: लहानपणीच शिकलात ना तुम्ही? वडिलांकडून?
काका: तसं नाही, ते कधी—
मी: चुलत्यांकडून! बरोबर. मला कुणीतरी म्हणालं होतं. आमच्या घरी पण असंच, मला स्वयंपाक आईने नाही शिकवला, आत्याने शिकवला. तर चुलत्यांकडून.
काका: हं.

असं सगळं. चौसष्ट पानं. त्यात काकांच्या वाट्याला, बाईंनी पेन्सिलने मोजून लिहिलं होतं, पावणेचार. आणि त्यातही निम्मे "हं".

डांबरभाऊ शेजारून वाचत होते. म्हणाले, "तुमची मुलाखत मस्त झालीय हो. घेतली कुणी, काकांनी?"

मी पर्स उचलली आणि घरी आले. बाईंचा राग नाही, डांबरभाऊंचाही नाही. मला माझी लाज वाटते. त्या माणसाकडे मोजके दिवस होते आणि त्यातले तीन मी माझ्या आत्याच्या स्वयंपाकात घालवले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काकांच्या सूनबाईला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, घसा फार दमतो हो त्यांचा. डॉक्टरांनी सांगितलंय, फार तर दोनदा, अर्धा-अर्धा तास. सोमवार आणि मंगळवार. बुधवारी दवाखान्यात न्यायचंय."

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवते. तर तिने आत जाऊन विचारलं आणि येऊन सांगितलं, "नाही म्हणतायत. तुम्हीच या, म्हणाले."

म्हणजे दोन अर्धे तास, आणि मी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्याकडे दोनच दिवस आहेत.

रात्री जेवताना सराव केला. ठरवलं, शांतता पडली की मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे, तोंड उघडायचं नाही. पानं वाढली, बसले, गप्प. ह्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी मान हलवली आणि मोजायला लागले. नऊ, दहा, अकरा. ह्यांनी भाजी ताटात इकडची तिकडे केली. चौदाला म्हणाले,

"मला भोपळा आवडत नाही."

अडतीस वर्षं दर शनिवारी भोपळा करतेय मी! म्हटलं, "अहो, मग सांगितलं का नाही?"

"सांगत होतो," हे म्हणाले.

१५ फेब्रुवारी, रविवार

वांग्याची भाजी केली. ह्यांनी दोनदा घेतली. चाळीसपर्यंत मोजता येतं आता. पण हात रिकामे असले की जीभ वळवळते, हे लक्षात आलं. मूग गिळून बसायचं तर काहीतरी उद्योग हवा. उद्या दोन किलो वाटाण्याच्या शेंगा घेऊन जाते. गिळत नाही, पण सोलते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रेकॉर्डर लावला, शेंगांची परात मांडीवर घेतली आणि एवढंच म्हटलं, "काका, त्या दिवशी मी चुकीच्या खुणा सांगितल्या. तुम्ही खोडलं का नाही?"

"तुम्ही बोलत होतात," काका म्हणाले.

मग काही नाही. मी सोलत होते. भिंतीवरचं घड्याळ एवढं मोठ्याने चालतं हे मला तीन खेपांत कळलंच नव्हतं. तीस. चाळीस. घामाने माझा ब्लाउज ओला झाला. एक्स्चेंजमध्ये असते तर आतापर्यंत दहा वेळा बोर्डावरची कॉर्ड उपसून लाइन तोडली असती. सूनबाई दारात येऊन बघून गेली, मशीन बंद पडलं की काय म्हणून. साठ. ऐंशी. त्र्याण्णवला काका बोलायला लागले.

वडिलांनी त्यांना शिकवलं नाही. एक शब्दही नाही. फक्त बोटीच्या टोकाला पुढे उभं करायचे. "मी बांधाकडे बघायचोच नाही. बापाकडे बघायचो. तो कुठे बघतोय ते बघायचो. असं तीन वर्षं. मग एकदा उलगडलं. पांढरा कडा नव्हे, त्याच्या खाली काळी भेग आहे. आणि तिच्यापुढे टेकाडावर एकटं झाड होतं, दोन फांद्यांचं. भेग त्या फांद्यांच्या मधे आली पाहिजे. बाहेर गेली की बोट थांबवायची." मग पुन्हा थांबले. मी सोलत राहिले. "झाड पडलं त्या वर्षी बापाला रडताना पाहिलं. त्याच जागी आम्ही दोघांनी खांब रोवला. लोकांना वाटायचं, गुरं बांधायला आहे."

तो खांब मी रोज शाळेत जाताना पाहिलाय! तोंडापर्यंत आलं होतं. एक शेंग दातात धरली.

सव्वीस मिनिटं. त्यात माझं एक वाक्य. ग्रंथपाल बाईंनी ऐकून विचारलं, "मागे हा टक टक आवाज कसला?" म्हटलं, वाटाणे. त्या चष्मा काढून हसल्या. चष्म्याशिवाय अगदी लहान दिसतात.

पेंटर उद्या लाल रेघ खरवडणार आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

आज नदीवर दाट धुकं होतं, अकरापर्यंत समोरचा काठ दिसत नव्हता. काका खिडकीबाहेर बघत होते. मी परात घेऊन बसले. आज फारसं मोजावं लागलं नाही.

"धुक्यात खुणा दिसत नाहीत," काका म्हणाले. "मग लोक विचारायचे, तुम्ही कसे आणता? मी म्हणायचो, अंदाजाने. खोटं सांगायचो. अंदाजाने तिथे कुणी येत नाही."

घड्याळ टकटकत राहिलं.

"आधी इंजिन बंद करायचं. मग डोळे मिटायचे. उघडे ठेवले की ते नसलेलं काहीबाही दाखवतात. मग ऐकायचं. उजव्या कानाला लाट फुटते, तिथे खडक. पण आत कुठून शिरायचं? बर्फाच्या कारखान्याची धडधड सगळ्या दरीत घुमायची, ती कामाची नाही. भोंगाही तसाच. धक्क्याच्या टोकाला टेलिफोन ऑफिस होतं. माडीवरची खिडकी, नदीकडची. ती बरोबर आमच्या वाटेच्या समोर. उकाड्यामुळे कायम उघडी. त्या काळी परगावचे फोन ओरडून ओरडून बोलायला लागायचे."

माझा हात थांबला.

"तिथे तिघी बसायच्या. दोघी कामापुरतं बोलायच्या. तिसरी थांबायचीच नाही." काकांना ठसका लागला. पाणी दिलं. मला वाटलं, आता थांबावं त्यांनी, घसा दुखेल. पण त्यांनी हातानेच मला बसायची खूण केली. "हॅलो, हॅलो, बोला, लाइन चालू आहे. एकीकडे ते, आणि मधल्या वेळात शेजारणीशी घरचं सगळं. सासूचं, भाजीचं. बाकीचे आवाज अधूनमधून येतात. मधे खंड पडला की बोट भरकटते. हिचा खंड पडायचा नाही. तो आवाज नाकासमोर धरायचा आणि भरतीच्या ओढीने हळूहळू यायचं. मी एकटा नाही, आम्ही चारही वाटाडे तसंच करायचो. धुकं असलं की होडीत चढण्याआधी विचारायचो, आज ड्युटीवर कोण? ती असली तर निघायचो. नसली तर बोटी बाहेरच नांगर टाकून थांबायच्या. तिचं लग्न झालं तेव्हा ती दहा दिवस रजेवर होती. दोन बोटींतले कांदे सडले."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या आवाजावर अकरा वर्षं बोटी आणल्या, बाई. कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं आणि तुम्ही लाजून हळू बोलायला लागला असता, तर?"

मला त्या बडबडीवरून किती जण किती बोललेत. साहेबांनी दोनदा लेखी समज दिली होती, जादा बोलण्याबद्दल. सासूबाई अगदी जाईपर्यंत म्हणत होत्या, सुनेला तेवढं एक गप्प बसता आलं असतं तर. मी सगळं हसण्यावारी नेलं, पण आत कुठेतरी मलाही ते पटलेलं होतं. आज मला काकांना काय काय सांगायचं होतं, आणि तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांना पदर लावून बसले. रेकॉर्डर चालूच राहिला.

संध्याकाळी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, शेवटी पावणेदोन मिनिटं नुसती शांतता आहे, कापू का? मी म्हटलं, राहू दे.

ह्यांना सांगितलं. पूर्ण सांगितलं, आणि मग गप्प बसले. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "मी तुला पाहायला आलो ना, त्याआधी आठवडाभर त्या खिडकीखाली रोज चकरा मारल्या होत्या. मुलगी पसंत आहे का, घरचे विचारत होते. मी म्हटलं, ऐकलीय, पसंत आहे."

हे आजवर कधी बोलले नव्हते. बहुतेक बोलत होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ऑपरेशन व्यवस्थित झालं. महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही. त्यानंतर आवाज येईल तर येईल, घोगरा येईल, किंवा येणारही नाही. सूनबाई म्हणाली, त्यांना तशी काही काळजी दिसत नाही, पेज मागितली खुणेने.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

खोली उघडली. बरीच गर्दी होती. नकाशावर आता नवी रेघ आहे, काळ्या भेगेपासून खांबावरून बाहेर समुद्रात, आणि दुसरी एक तुटक रेघ आहे, निळी. ती धक्क्याच्या टोकाला एका खिडकीवर संपते. डांबरभाऊंनी हेडफोन लावून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं आणि न हसता माझ्याकडे आले. म्हणाले, "वहिनी, मीही एकदा त्या बोटीवर होतो. मला वाटायचं, काका देवाचं नाव घेतायत, डोळे मिटून."

त्यावर मी बोलले. अर्धा तास बोलले. सवय एवढ्यात थोडीच जाते!

९ मार्च, सोमवार

काकांना घरी आणलंय. गळ्याला पट्टी, चेहरा उतरलेला, पण खिडकीपाशी खुर्ची तीच. मी शहाणपणाने वागायचं ठरवून गेले होते. आजारी माणूस, बोलता येत नाही, त्याच्यापुढे आपण बडबड करणं बरं दिसत नाही. म्हणून परात घेऊन नुसती बसले. चांगली वीस-पंचवीस मिनिटं. मनात म्हटलं, बघा, जमतं की नाही मला.

काका अस्वस्थ व्हायला लागले. शाल काढली, पुन्हा घेतली. माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, पाणी हवंय. नको म्हणाले मानेने. औषध? नको. मग त्यांनी सूनबाईकडे हात पुढे केला. तिने पाटी आणि खडू दिला. त्यांना लिहायला वेळ लागतो. दोन अक्षरं काढली, थांबले, पाटी माझ्याकडे फिरवली.

"बोला."

आणि मान मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.

मग काय, बोलले. भोपळ्याचं सांगितलं, ह्यांच्या चकरांचं सांगितलं, साहेबांच्या दोन्ही लेखी समजांचं अगदी तारखेसकट सांगितलं. सूनबाईने दोनदा चहा आणला, आणि मला दोन्ही वेळा तो गार प्यावा लागला.